नेमकं काय केलंत?

प्यो मास्तरांना माक्सुन आजीची चीड येत होती, आणि खरं सांगायचं तर म्हातारी होतीच तशी. सहा वर्षं झाली! दर ईस्टरच्या आणि दर नाताळच्या आधी चर्चमध्ये बाप्तिस्म्याची परीक्षा व्हायची, आणि दर वेळी ही बाई दुसऱ्या प्रश्नावरच अडून बसायची.

परीक्षा घ्यायचे मास्तरच. आयुष्यभर बेटावरच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेले, चर्चच्या वडीलमंडळात सगळ्यांत जुने. पहाटे पाचच्या प्रार्थनेला त्यांचा कधी खाडा नाही. दारू नाही, सिगारेट नाही, रविवारी घरात किमचीच्या लोणच्यासाठी कोबीसुद्धा चिरू द्यायचे नाहीत. असा माणूस प्रश्न विचारतोय म्हटल्यावर लोक मुकाट्याने 'हो' म्हणून मोकळे होत. रताळी विकणारी एक बाई तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच तीनदा 'हो' म्हणाली आणि पास होऊन घरी गेली.

"आजी, तुम्ही पापी आहात हे मान्य आहे?"

"नाही बाई. मी काय केलंय?"

"अहो, इथं 'हो' म्हणायचं असतं!"

"म्हणायचं असतं म्हणून म्हणू? देवाच्या घरात खोटं बोलू?"

"सगळीच माणसं पापी असतात."

"असतील. तुम्हीपण?"

"मीपण."

"मग तुम्ही नेमकं काय केलंत?"

"तसं नव्हे हो! एकूणात!"

"एकूणात म्हणजे कधी?"

तरुण पाळक नोसाहेब खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवायचे, आणि मास्तरांच्या कपाळाची शीर उडायला लागायची.

बरं, सोडून द्यावं तर तेही जमेना. आजी त्र्याऐंशीची, जन्मभर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढलेली, आता तिला धाप लागायची. चर्चमध्ये ती लेकीशेजारी बसायची. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की लेक तुकडा घ्यायची, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून आजीला ते ताट तसंच पुढं सरकवावं लागायचं. "मरायच्या आत एकदा तिच्याबरोबर खायचंय, मास्तर," ती म्हणाली होती. ते ऐकून मास्तर अख्खा हिवाळा तिच्या घरी जाऊन शिकवणी घेत होते. आजी कालवांचं गरम गरम सूप वाढायची, सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी तेच विचारायची. "एक अक्षर आहे हो आजी, एक अक्षर!" मास्तर हात जोडायचे. काही उपयोग नाही.

या ईस्टरच्या आधीच्या शनिवारी तिघं चर्चच्या मागच्या खोलीत बसले. मास्तरांनी जीव मुठीत धरून दुसरा प्रश्न विचारला.

"हो," आजी म्हणाली. "आहे मी पापी."

सुटलो बुवा एकदाचे! मास्तरांनी घाईघाईनं तिसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"थांबा की! काय केलं ते सांगू तर द्या. चाळीस वर्षांपूर्वी मी माझ्याबरोबर बुड्या मारणाऱ्या चुन्रेच्या जाळीतून तीन मोठे शिंपले काढून घेतले. तिनं आळ घेतला आपल्या सुनेवर. पोरगी बेटभर चोरटी ठरली आणि मी गप्प बसले. मला वाटायचं, तीन शिंपल्यांचं काय एवढं! पण यंदा गुडघा धरला म्हणून अंथरुणात पडून होते ना, तेव्हा तुमचा तो मेला प्रश्न डोक्यातून जाईना. मग त्या पोरीचं तोंड आठवलं. परवा जाऊन तिला सांगून आले."

"काय म्हणाली?" नोसाहेबांनी विचारलं.

"काय म्हणणार? दार लावून घेतलं. उद्या परत जाईन." आजी मास्तरांकडे वळली. "आता तुमचं सांगा."

"आजी, परीक्षा तुमची आहे!" मास्तर कडाडले. पण म्हातारी काही हटेना, आणि चिडून का होईना, मास्तर स्वतःचं एखादं पाप शोधायला लागले. आहे काय सांगण्यासारखं?

होतं. आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला थोरल्या भावानं तिच्या फोटोपुढे मेजावर जेवणाची पानं मांडली होती. देवाशिवाय कुणापुढे वाकणार नाही म्हणून मास्तरांनी सगळ्यांदेखत त्या मेजाला लाथ मारली होती. गेली बावीस वर्षं ते हीच गोष्ट श्रद्धेची साक्ष म्हणून चर्चमध्ये सांगत, आणि लोक मोठ्यानं 'आमेन' म्हणत. भाऊ गुडघ्यावर बसून बाहीनं फोटोतल्या आईच्या तोंडावरचा भात पुसत होता, एवढं मात्र ते कधीच सांगत नसत.

"नुसतं वाकलो नसतो तरी चाललं असतं," मास्तर हळूच म्हणाले. "लाथ मारायची काय गरज होती?"

सगळं ऐकून झाल्यावर आजीनं विचारलं, "भाऊ आहे ना अजून?"

"खालच्या आळीत राहतो. तेव्हापासून बोललो नाही."

"तो माझ्याहून म्हातारा आहे, मास्तर! उठा की मग, इथं काय बसलात?"

"अहो, तुमचे अजून दोन प्रश्न राहिलेत."

"पाळकसाहेब विचारतील," आजी वैतागून म्हणाली. "त्यांना वाचता येतं."