तिसऱ्या टकटकीला

हे शेवटचं वर्ष, असं नुन्झिया रानबडीशेप उकळताना स्वतःशी म्हणाली. पहाटे कणीक मळतानाही म्हणाली होती. दुसऱ्या कुणाला सांगायचं मात्र तिला जमत नव्हतं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गास्पारे गंधकाच्या खाणीत दोन दिवस अडकला होता. तेव्हा सासूनं संत योसेफाला नवस बोलला, पोरगा जिवंत वर आला तर दर वर्षी तुझ्या सणाला टेबल मांडीन, तीन गरिबांना तुझं कुटुंब समजून जेवू घालीन. पोरगा वर आला. सासूनं सात वर्षं टेबल मांडलं आणि देवाघरी गेली. नवस आपोआप सुनेच्या पदरात आला. कुणी विचारलं नाही, तिनंही नको म्हटलं नाही.

टेबल म्हणजे तीन पायऱ्यांची वेदी, तमालपत्राची कमान, योसेफाच्या काठीच्या, हातोडीच्या, दाढीच्या आकाराचे पाव, आणि एकेका वाटीत एकेक पदार्थ. सासू एकशेएक करायची. नुन्झियाचे चाळीसवर आले होते आणि तेवढ्यानंही तिची कंबर मोडायची.

यंदा मदतीला मारियेला होती. गास्पारेची बहीण पीना लग्न होऊन अर्जेंटिनाला गेली ती परतलीच नाही. ही तिची नात. आजीचं जेवण जिथून आलं तिथं जाऊन शिकायचं, म्हणून समुद्र ओलांडून आली होती. हातात पीनाची तेलकट वही.

"आजी, पावाच्या चुऱ्यात साखर किती?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे नक्की किती?"

"माझी चिमूट. तुझी बोटं बारीक आहेत, तू दोनदा घाल."

शेजारीण वीता तारली मासे साफ करत बसली होती. ती हसली. "लिही गं बाई, लिही. नुन्झियाचा हातही कापून ने वहीत घालून."

मारियेलानं पिशवीतून चीजचा तुकडा काढला. "आमच्याकडे शेवटी हे किसतात."

"योसेफाच्या पास्त्यावर?" वीतानं सुरी खाली ठेवली. "पोरी, तो सुतार होता, गवळी नव्हता. त्याच्या पास्त्यावर लाकडाचा भुसा पडतो. म्हणून हा चुरा."

"पीना लहानपणीही चुरा ताटाच्या कडेला सारायची," नुन्झिया म्हणाली. बऱ्याच वेळानं तिच्या तोंडावर हसू आलं. मग ती भाजलेला चुरा हलवायला वळली, कारण तो करपायला क्षणही लागत नाही.

अकराच्या सुमारास ती गास्पारेजवळ गेली. तो काठी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता.

"गास्पारे, माझे गुडघे फार दुखतात रे."

"तेल लाव."

"मी म्हणत होते, पुढच्या वर्षी..."

"हो, पुढच्या वर्षी दाढीचा पाव जरा मोठा कर. यंदा योसेफ कालच दाढी केल्यासारखा दिसतोय."

ती स्वयंपाकघरात परतली. एप्रनच्या टोकानं तोंड पुसलं.

दुपारी बारा वाजता गल्लीत माणसं जमली. योसेफ झाला होता म्हातारा मोची इग्नात्सियो, मरिया औषधवाल्याची मुलगी, आणि बाळ येशू म्हणून पाच वर्षांची लिया. त्या वयाचा मुलगा आता गावात उरला नव्हता. नुन्झिया बंद दारामागे उभी राहिली. रीत ठरलेली होती. दोनदा परत पाठवायचं, तिसऱ्यांदा दार उघडायचं. जी दार उघडेल तिचा नवस.

टकटक.

"कोण आहे?"

"तीन वाटसरू. निवारा हवा."

"इथं जागा नाही. पुढे जा."

दुसरी टकटक. तोच प्रश्न, तेच उत्तर. नुन्झियानं कपाळ दाराला टेकवलं. लाकूड गार होतं, बरं वाटलं. पहाटे तीनपासून ती उभी होती.

तिसरी टकटक.

"कोण आहे?"

"येशू, मरिया आणि योसेफ."

"इथं जागा नाही," नुन्झिया म्हणाली. "पुढे जा."

आत वीता कुजबुजली, "अगं ए, तिसरी खेप आहे! उघड!"

नुन्झियाचा हात कडीवर होता, पण ती काढवेना. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं. ते परत घ्यावंसं वाटत नव्हतं, याचीच तिला भीती वाटली. तिनं क्रूसाची खूण केली.

बाहेर इग्नात्सियो घसा खाकरून म्हणाला, "आता आम्ही जायचं की थांबायचं? मला एवढंच पाठ आहे."

"मला भूक लागली," बाळ येशू म्हणाला.

मारियेला पुढे सरसावली, पण वीतानं तिचा दंड धरला. "तू उघडलंस तर दर मार्चला या सणासाठी अर्जेंटिनाहून यावं लागेल, कळतंय का?"

मागून काठी वाजली. गास्पारे खुर्चीतून उठला होता. अख्खी खोली पार करायला त्याला वेळ लागला. तो बायकोजवळ येऊन थांबला, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"सकाळी हेच सांगत होतीस?"

नुन्झियानं मान डोलावली.

"खाणीत मी अडकलो होतो," तो म्हणाला. "बाजूला हो."

कडी त्याला एका हातानं निघेना. त्यानं काठी तिच्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी दार ओढलं.

"या," तो बाहेरच्या तिघांना म्हणाला. "घर तुमचं आहे. आजपासून नवस माझा. झेपेल तेवढे पदार्थ होतील, कमी पडले तर योसेफानं मला विचारावं, हिला नाही."

"योसेफाला काही अडचण नाही," इग्नात्सियो म्हणाला आणि आत आला.

गास्पारेनंच वाढलं. पास्ता कमी आणि चुरा जास्त पडला, अर्धा टेबलावर, थोडा लियाच्या केसांत. मारियेला वही मिटून त्याच्यामागे पातेलं धरून फिरली. सवयीनं नुन्झिया दोनदा उठली, दोन्हीदा वीतानं तिला खांदा दाबून खाली बसवलं.

तिला आनंद असा काही झाला नाही. आनंदालाही त्राण लागतं. टेबलक्लॉथच्या आड तिनं एका पायानं दुसऱ्या पायातला बूट काढला, मग दुसरा, आणि सुजलेली पावलं गार फरशीवर टेकवली.