एकमताने मंजूर

वनखात्याच्या साहेबांनी माझ्या डोक्यावर सागाच्या पानांचा मुकुट ठेवला, दोन पावलं मागं सरकून पाहिलं आणि फोटोवाल्याला म्हणाले, "आता वाटते आदिवासी."

मी लोणावळ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. रोज जो ड्रेस घालते तोच घालून आले होते. तो आदिवासी वाटत नव्हता. म्हणून पानं.

हॉलमध्ये गारवा. मंचामागं फलक: 'शासन आणि आदिवासी : विकासाचे भागीदार'. भागीदार मागच्या दाराशी उभे होते. त्यांना आधी पाहुण्यांसमोर नाचायचं होतं, मग बसायला मिळणार होतं.

आमची ठाकरवाडी वडिवळे गावाच्या वर. वाडीमागचा डोंगर म्हणजे आमचं सरपण, कंद, करवंदं, गुरांचा चारा. खात्याला तिथं कुंपण घालून पर्यटकांसाठी केंद्र करायचंय. तंबू, झुलता पूल, सेल्फीची जागा. आम्ही तिकिटं फाडायची. याला ते भागीदारी म्हणतात.

महिन्याभरापूर्वी साहेब वाडीत आले. तासभर बोलले. शेवटी विचारलं, कुणाची हरकत? कुणीच बोललं नाही.

आमच्यात दारी आलेल्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. त्याचं ऐकतात, चहा देतात. मग वाडी बसते. बाया, गडी, म्हातारी माणसं, सगळी. एकाच्याही मनात खडा असेल तर कुणी उठत नाही. मग उत्तर जातं. पाहुणा तोवर कळ काढतो. सोयरीक अशीच जुळते, भांडण असंच मिटतं. साहेब चहा पिऊन, घड्याळ बघून निघून गेले. आदिवासींवर भाषणं देणाऱ्या या माणसाला आदिवासी उत्तर कसं देतात, एवढंही विचारावंसं वाटलं नाही.

आणि आता मंचावरून ते सांगत होते, वाडीनं प्रकल्पाला एकमताने मंजुरी दिली. टाळ्या पडल्या.

माझ्याशेजारी वाडीतले सगळ्यांत वडील, आबा, उभे होते. हळूच म्हणाले, "आपुन अजून बसलोच न्हाई, पोरी. मंजूर कुनी केलं?"

मी मुकुट काढून खाली ठेवला. मंचावर चढले. माइक हातात घेतला.

"वाडीनं अजून उत्तर दिलेलं नाही. आम्ही तुम्हाला चहा दिला. डोंगर नाही दिला."

साहेब हसले. दुसरा माइक त्यांच्या हातातच होता. "शिकल्या की ह्यांना शिंगं फुटतात. बाळ, आधी नाच, मग बोल."

हॉल हसला. पहिल्या रांगेतले तर पोट धरून. मी हसणं संपेपर्यंत उभी राहिले.

"नाचणार नाही."

आबांनी ढोलवाल्यांकडं नुसतं पाहिलं. ढोल गळ्यातून उतरले. आम्ही निघालो. एक कारकून मागं धावत आला, जेवून तरी जा म्हणाला. माझी मावशी न थांबता म्हणाली, "नगं बाबा. जेवलो तर त्ये बी मंजूर धरशीला."

दुसऱ्या दिवशी वाडी बसली. सकाळी बसली ती उन्हं कलल्यावर उठली. कुंपण नको. पर्यटक येवोत, पण आमच्या वाटेनं, आमच्या सांगण्यानं. डोंगराचा कोणता भाग कधी बंद ठेवायचा ते आम्ही ठरवू. हे कबूल असेल तर भागीदारी, नसेल तर नाही.

हे उत्तर घेऊन मी कचेरीत गेले. साहेबांनी बस म्हटलं नाही. मान वर न करता म्हणाले, निर्णय वर गेलाय, आता तू लोकांना समजाव.

साहेब, मी समजावणार नाही. समजून घ्यायची पाळी तुमची आहे, आणि ते तुम्हाला झेपत नाही. लोकांना विचारायचं म्हणजे 'नाही' ऐकायची तयारी ठेवायची. ती नसेल तर विचारायचं सोंग तरी करू नका.

कुंपणाचे सिमेंटचे खांब वाडीखाली येऊन पडलेत. पहिला खड्डा जिथं खणाल तिथं वाडी बसेल. सगळ्यांत पुढं मी. पोलीस आणा, पोकलेन आणा. उत्तर येईपर्यंत थांबणं तुम्हाला जमलं नाही. आता आम्ही उठेपर्यंत थांबा.