डायनासोरचा वरवंटा

चहा तुमच्या हातात आहे तोवर सांगून टाकतो, नंतर तुम्ही उठून जाल. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आणि बऱ्याच पचल्याही. पण एका थापेनं मला असा तोंडावर पाडला म्हणता, की बोलायची सोय नाही. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी मी सुरुवात खऱ्यानं केली होती. सवय नसलेलं काम करू नये ते यासाठीच.

आखाती युद्धाचे दिवस. मी सौदीत, राबिघच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. राबिघ लाल समुद्राच्या काठी आणि युद्ध देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आम्ही रेडिओ ऐकून घाबरत असू. माझा मेहुणा शिरीष मात्र अल-खोबरला नोकरीला. त्याच्या डोक्यावरून खरोखरची क्षेपणास्त्रं जायची. तो दोन सुटकेसा आणि कंपनीनं दिलेला गॅसचा मुखवटा घेऊन 'चार दिवसांसाठी' आमच्याकडे आला. युद्ध संपलं तरी त्याचे चार दिवस संपले नाहीत, ते असो.

शिरीषचा मुख्य उद्योग म्हणजे माझं बोलणं तपासणं. मी म्हणावं, आज किनाऱ्यावर होडीएवढा मासा पाहिला. की हा लगेच बहिणीला विचारणार, "ताई, कितीनं भागू?"

आणि आमची मंगल मान वर न करता सांगणार, "दहानं भाग."

आता सांगा, असल्या घरात माणसानं बोलायचं काय? एकदा तरी काहीतरी खरं, हातात धरून दाखवता येईल असं घरी आणावं आणि या बहीणभावांच्या पुढ्यात ठेवावं, एवढीच माझी इच्छा होती.

संधी चालून आली. कारखान्यात एक इंग्रज भूगर्भतज्ज्ञ होते, त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. रजा बंद, माणसं हवालदिल. साहेबांनी टूम काढली, की शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवकांनी किनाऱ्यालगतच्या टेकाडांत डायनासोरची हाडं शोधायची. वा! अर्ध्या जगाची सैन्यं एका किनाऱ्याला जमलेली आणि दुसऱ्या किनाऱ्यावर आम्ही दाढीच्या ब्रशनं टेकडी झाडतोय. शिरीषही यायचा, मुखवटा लावून. म्हणे धुळीचा त्रास होतो.

बरेच शुक्रवार मला उन्हाशिवाय काही लागलं नाही. मग एकदा हातभर लांब, मध्ये बारीक आणि टोकांना जाड असा काळपट दगड निघाला. साहेबांनी तो चक्क जिभेला लावला. जुनं हाड जिभेला चिकटतं म्हणे, साधा दगड चिकटत नाही. हा चिकटला.

"बहुतेक हाडच आहे," साहेब म्हणाले. "माझी गाडी भरलीय. तू गुंडाळून घरी ने, पुढच्या शुक्रवारी भिंगाखाली बघू."

शिरीषनं मुखवटा कपाळावर सरकवला. "भाऊजी, खरंच?"

हा एक शब्द ऐकायला मी लग्न झाल्यापासून थांबलो होतो.

परतीच्या वाटेवर सैन्याची चौकी लागली. अधिकारी तरुण, अमेरिकेत शिकून आलेला, इंग्रजी माझ्याहून बरं आणि वागणं फार गोड. गोड माणसांपासून सांभाळावं. त्यानं डिकी उघडायला लावली. आत हातोडा, छिन्नी आणि टॉवेलात गुंडाळलेलं माझं रत्न.

"हे काय?"

"हाड."

"कोणाचं?"

"डायनासोरचं."

"तो कुठे राहतो?"

"मेला."

"कधी?"

"झाली असतील काही कोटी वर्षं."

त्यानं माझा इकामा मागितला आणि आपल्या खिशात घातला. इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना. तो दुसऱ्याच्या खिशात गेला, की आपण निम्मे विमानात बसलेले असतो. त्यातून युद्धाचे दिवस, आणि समुद्रकाठी खणणारा परदेशी माणूस. नोकरी, घर, सगळं त्या खिशात.

"आता खरं सांग," अधिकारी म्हणाला.

मागून शिरीष कुजबुजला, "भाऊजी, खरं नको. तुम्हाला जमतं ते करा."

मग मला जमतं ते मी केलं. "वल्ला, शपथेवर सांगतो सर, मघाशी थट्टा केली. हा वरवंटा आहे. बायकोनं नाशकाहून, माहेरून आणलाय, यानं आम्ही चटणी वाटतो. गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं बारीक खाचा पाडायच्या. घरी ठोकाठोक केली तर हल्ली शेजारी बॉम्ब समजून जिन्यात धावतात. म्हणून इतक्या लांब आलो."

काय थाप होती महाराजा! हातोडा, छिन्नी, समुद्र, युद्ध, सगळं जागच्या जागी. माझाच माझ्यावर विश्वास बसला.

अधिकाऱ्यानं चौकीवरच्या हैदराबादी आचाऱ्याला बोलावलं. त्यानं हाड उलटंपालटं केलं. "लगता तो है साब, मगर टाँकी किधर है? एकदम चिकना है."

"मग लाव टाकी," अधिकारी मला म्हणाला. "आम्ही बघतो."

बसलो वाळूत. ज्याचं ऊन, वारा आणि समुद्राला कोट्यवधी वर्षांत काही बिघडवता आलं नाही, त्याच्या अंगावर मी बघता बघता देवी उठवल्या. तेवढ्यात आचाऱ्यानं एक सपाट दगड, लसूण, हिरव्या मिरच्या आणि मीठ आणून ठेवलं. ठेचा वाटला. एकेका रगड्याला हजारेक वर्षं ठेच्यात उतरत होती. अधिकाऱ्यानं तो रोटीला लावून खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि गडी खूश.

"फार चांगला दगड आहे तुझा," तो म्हणाला.

तिथली रीत अशी, की कोणी आपल्या वस्तूची तारीफ केली की आपण 'घ्या, तुमचीच' म्हणायचं आणि समोरच्यानं 'नको, नको' म्हणायचं. मी माझं वाक्य म्हटलं. त्यानं त्याचं म्हटलंच नाही. आचारी हाड घेऊन तंबूत गेलासुद्धा. मला इकामा परत मिळाला, दोन्ही हातांनी, अदबीनं.

शुक्रवार उजाडायच्या आतच साहेब धापा टाकत आमच्या दारात. माझ्याच खड्ड्यात त्यांना त्या हाडाचा उरलेला तुकडा सापडला होता. "नक्की हाडच. तुझा तुकडा जोडला की शोधणारा म्हणून तुझं नाव लागेल. कुठाय तो?"

"सैन्य त्यानं ठेचा वाटतंय," मी म्हणालो.

साहेबांनी शिरीषकडे बघितलं. शिरीषनं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बोलण्याला मान डोलावली. तिघे तडक चौकीवर गेलो.

अधिकाऱ्यानं मला मिठी मारली. साहेबांनी त्याला समजावलं, की तुमच्या स्वयंपाकघरातला तो दगड अतिप्राचीन हाड आहे, कृपा करून परत द्या. अधिकाऱ्याचा चेहरा बदलला.

"या माणसानं मला शपथेवर सांगितलंय, की तो याच्या बायकोचा वरवंटा आहे. माझ्या डोळ्यांदेखत यानं त्या दगडानं ठेचा वाटलाय. तुम्ही माझ्या पाहुण्याला खोटारडा म्हणताय?"

माझ्या खरेपणाची बाजू घेऊन आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं. राहिला तो नेमका कमरेला पिस्तूल लावलेला.

तो माझ्याकडे वळला. "तूच सांग. त्या दिवशी माझ्याशी खोटं बोललास?"

बघा आता. एकीकडे शास्त्र, माझं नाव आणि शिरीषचं ते 'खरंच'. दुसरीकडे ऐन युद्धात सैन्याला फसवल्याची कबुली. तुम्ही काय केलं असतंत? राहू द्या, चहा प्या.

"नाही सर," मी म्हणालो. "वरवंटाच आहे तो."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. तंबूतून लसूण वाटल्याचा आवाज येत होता. अधिकाऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाला, "तुम्ही एवढे शिकलेले. पण खरं कसं बोलावं, ते या माणसाकडून शिका."

घरी आल्यावर शिरीषनं हे सगळं मंगलला साग्रसंगीत करून दाखवलं, अधिकाऱ्याच्या आवाजासकट. ती कोथिंबीर निवडत ऐकत होती. शेवटचं वाक्य आलं तशी थांबली.

"काय रे, त्या अधिकाऱ्याची आणि यांची ओळख किती दिवसांची?"

"आठवडासुद्धा नाही झाला, ताई."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली.