रस्ता न ओलांडता शाळा

मिलचा भोंगा कायमचा बंद झाला, ते इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात सगळ्यात शेवटी बाबांना कळलं. आयुष्यभर साळखात्यात साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवून त्यांचे कान गेले होते. भोंगा त्यांना तसाही ऐकू येत नसे. शेजारची माणसं डबे घेऊन निघाली की ते निघायचे. त्या सकाळी गल्लीतून कोणी निघालंच नाही, आणि बाबा डबा हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले. शेवटी आईने, ती तेव्हा होती, त्यांच्या हातातून डबा काढून घेतला.

त्याच काळात माझं दुकान मात्र उभं राहत होतं. सियागंजच्या बाजारात मी बिजागऱ्या, कड्या, कुलपं, नळ विकायचो. दुसऱ्याच्या दुकानात पेट्या उचलण्यापासून सुरुवात केली होती आणि आता गाळा माझा होता. देश खुला झाला, असं पेपरात रोज छापून येत होतं. देशाचं मला माहीत नाही, पण इंदुरात घरं धडाधड बांधली जाऊ लागली, आणि प्रत्येक नव्या घराला दारं लागतात. बापाचं काम गेलं आणि मुलाचं वाढलं. यात मला आनंद होत होता असं कोणी समजू नये. पण गिऱ्हाईक दारात उभं असताना कोणी रडत बसत नाही.

आई गेल्यावर घरात आम्ही चौघं उरलो. मी, बायको, बाबा आणि मुलगी. मुलगी जुलैत पहिलीत जायची होती, आणि तिला कुठल्या शाळेत घालायची हे मी ती जन्मली तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. बडा गणपतीकडच्या जुन्या वस्तीत एक शाळा आहे. मी तिच्याएवढा असताना बाबा मला तिथे घेऊन गेले होते. रात्रपाळी संपवून तसेच आलेले, डोक्यावर कापसाचे तंतू. टेबलामागच्या माणसाने पत्ता विचारला आणि पेन खाली ठेवलं. "मिल एरियातली मुलं वेळेवर येत नाहीत. जवळच्यांना आधी घेतो आम्ही." मग शेजारच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "आणि येतात ती अशी."

बाबांना ते ऐकू आलं नाही. मला आलं. बाबा त्या माणसाला हात जोडून, हसून बाहेर पडले. ते हसू मी अजून कोणाला माफ केलेलं नाही.

तर मला घर पाहिजे होतं त्या शाळेजवळ, आणि मला पाहिजे होतं तसंच. सकाळी मी निघू शकत नव्हतो, कारण सियागंजात माल सकाळीच उतरतो. बायको दुसऱ्या टोकाच्या सरकारी शाळेत शिकवायची आणि माझ्याही आधी घर सोडायची. म्हणजे मुलीला पोहोचवणार बाबा. सायकल त्यांनी कधीच सोडली होती, आणि मागून हॉर्न वाजला तर त्यांना कळणार नाही. घर असं हवं की बहिऱ्या म्हाताऱ्याने सहा वर्षांच्या पोरीचं बोट धरून निघावं आणि मोठा रस्ता ओलांडावा न लागता शाळेत पोहोचावं. बाकी घर गळकं असलं तरी चालेल, ते मी बघून घेईन.

तसं घर एकच सापडलं. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि मागचं दार बोळात उघडणारं. तो बोळ मारुतीच्या देवळाच्या अंगणातून जाऊन थेट शाळेच्या बाजूच्या फाटकाशी निघत होता. मालक ट्रेझरीतून रिटायर झालेले, मुलाकडे पुण्याला जायचं म्हणून घर विकत होते. आम्ही त्यांना काका-काकू म्हणू लागलो.

पहिल्यांदा जाण्याआधी मी बायकोला ताकीद दिली होती. "तिथे पाणी प्यायचं नाही, चहा घ्यायचा नाही, कशाची तारीफ करायची नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी भाव करता येत नाही."

"आणि विचारलं तर काय सांगू? उपास आहे?"

"सांग."

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. भिंतीला ओल आहे म्हटलं. जिना अंधारा आहे. स्कूटर लावायला जागा नाही. मागच्या दाराशी जाऊन ते हलवून पाहिलं आणि म्हणालो, "बिजागऱ्या गेल्यात." मनात मात्र त्या दारासमोर मी हात जोडले होते. काका आधी हसत होते, मग हसायचे थांबले. मी त्यांच्या भावाच्या निम्म्यापासून बोलणं सुरू केलं, आणि आवाज चढला, तो माझा चढतोच.

काका खुर्चीतून उठले. "आवाज खाली. हा मिल एरिया नाही."

पुढे मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. काकूंनी दारात फक्त तिला थांबवलं आणि काहीतरी सांगितलं. मी स्कूटरला किक मारत होतो, ऐकलं नाही.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही. उपास कसला, विचारत होत्या."

मी ठरवलं, त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवायचा नाही.

माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या मोठ्या भावाला, याची खबर दोन दिवसांत लागली. तो बँकेत होता आणि विजय नगरकडे त्याने प्लॉट घेतला होता. आमच्या लग्नात पंगतीत तो मित्रांना म्हणाला होता, "यांच्याकडे भोंगा वाजला की जेवतात." तेही मी विसरलेलो नाही. आता तो रविवारी आम्हा सगळ्यांना त्याच्या शेजारचा प्लॉट दाखवायला घेऊन गेला.

"भिया," तो इंदुरी थाटात म्हणाला, "घेऊन टाका. आज इथे गहू उभा आहे, उद्या बघा. जुन्या शहरात काय ठेवलंय? नाल्या आणि डास. इथून स्कूलबस मिळते, इंग्लिश मीडियम!"

तो बरोबर बोलत होता, हे मला त्याच्याआधीपासून माहीत होतं. त्या बाजूच्या ठेकेदारांना कड्या मीच विकत होतो. त्या जागेचा भाव कुठे जाणार, हे ओळखायला बँकेची नोकरी लागत नाही. माझ्यातला दुकानदार म्हणत होता, हो म्हण.

"बस कुठे थांबते?" मी विचारलं.

"अरे, हे काय, समोरच! रस्त्यापलीकडे."

समोर म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता. ट्रकांची रांग चालू होती. मी मेहुण्याशी बोलत असताना बाबांनी मुलीचं बोट धरलं आणि बसची जागा बघायला ते दोघं निघालेसुद्धा. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला. बाबा पुढेच. मुलीने दोन्ही हातांनी त्यांचं धोतर पकडलं आणि "आबा! आबा!" करत मागे बसली, जमिनीवरच. ट्रक पुढून गेला. धूळ खाली बसली तेव्हा बाबा तिच्या फ्रॉकची माती झटकत होते.

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "मी हिला नेणार, का ही मला?"

त्यांना वाटलं, आता हे कामही गेलं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. डबा हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते, तोच चेहरा. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवून म्हणालो, "तुम्हीच नेणार. पायी. त्याच शाळेत."

म्हणजे त्याच गल्लीत पुन्हा जाणं आलं. मी आखणी केली. आठ दिवस थांबायचं. मग सियागंजातल्या एका ओळखीच्याला गिऱ्हाईक म्हणून पाठवायचं, त्याने माझ्याहून कमी भाव बोलायचा, मग मी जायचं. हे सगळं मी शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून येताना मनात जुळवत होतो. घरी आलो तर बायको नवी साडी नेसून स्वयंपाकघरात बसलेली आणि पुढ्यात नारळ, खण आणि भिजवलेले हरभरे.

"हे कुठलं?"

"चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. काकूंकडे."

"कोणत्या काकूंकडे?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू त्या घरी गेलीस? माझ्याशिवाय?"

"हळदीकुंकवाला तुम्हाला कोण बोलावणार? त्या दिवशी दारातच त्यांनी आमंत्रण दिलं होतं. कुंकवाला नाही म्हणायचं असतं का?"

"आणि खाल्लंस?"

"आंबेडाळ. पन्हं पण प्यायले. दोन भांडी."

"आणि ओटीसुद्धा घेऊन आलीस!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाबांनीही वळून पाहिलं. "ज्या बाईने तुझी ओटी भरली, तिच्या नवऱ्याशी मी आता भाव कसा करू? माझे हात बांधून आलीस तू!"

"मग करू नका ना भाव," ती म्हणाली आणि हरभरे उचलून आत गेली.

रात्रभर मी तळमळलो. सकाळी मात्र एक गोष्ट डोक्यात लख्ख उभी राहिली. ज्या दोरीने माझे हात बांधले, तिचं दुसरं टोक कोणाच्या हाताला आहे? बाजारात मी इतकी वर्षं काढली आणि हे मला आधी सुचू नये, याचा राग आला. बायकोला म्हटलं, "चल. नारळाची परतफेड करायची आहे." वाटेत आंबे घेतले आणि त्यांचा भावसुद्धा केला नाही.

काकांनी दार उघडलं आणि तोंड वाकडं केलं. काकू मागून आल्या, बायकोला बघून म्हणाल्या, "ये गं." 'ये' म्हटलं ते तिला, पण तिच्यामागून मीही आत आलो.

मी बसलो आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, "काका, तुमचा भाव मला मान्य आहे."

काका संशयाने बघत राहिले. "का? काय खोट काढलीत आता?"

"काही नाही."

"निम्म्यावरून एकदम पूर्ण? त्यात काहीतरी आहे." मग ते घसा साफ करून म्हणाले, "तसंही एक बिल्डर येऊन गेलाय. तो जास्त देतोय. पाडून मजले चढवणार म्हणे."

मी काही बोललो नाही. माझ्यासाठी हे किती अवघड होतं, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. बोलल्या त्या काकू. "कालच मी हिची ओटी भरली. सवाष्ण लेकीसारखी येऊन गेली माझ्या गौरीसमोर. तिला घर नाही म्हणायचं आणि त्या पाडणाऱ्याला द्यायचं? मला जमणार नाही. तुम्ही एकटे जा पुण्याला."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण ताबा गणपतीनंतर. मुलाचा फ्लॅट तोवर तयार नाही."

इथे मी उसळलो. "मला जुलैच्या आधी पत्ता पाहिजे! शाळा जवळच्यांनाच आधी घेते. गणपतीनंतर मी काय करू या घराचं, लोणचं?"

"आवाज..." काकांनी सुरू केलं.

"खाली नाही होणार!" मी म्हणालो. "भावात मी एक शब्द काढला नाही. यात काढणार. माझ्या बापाला ऐकू येत नाही. तो मुलीला या मागच्या दाराने नेणार आहे. तेवढ्यासाठी आलोय मी. नाहीतर तुमच्या ओल्या भिंती तुम्हालाच लखलाभ."

काकूंनी आंबे उचलले. "वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत," त्या म्हणाल्या. "या की राहायला. गणपतीपर्यंत आम्ही खाली, तुम्ही वर. पोरगी असली की घरात जरा बरं वाटेल."

असं कोणी घर विकत घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. पण जूनमध्ये आम्ही सामान घेऊन गेलो, आणि तीन महिने दोन्ही संसार एका घरात नांदले. काका आणि मी रोज एकमेकांसमोरून जात होतो आणि गरजेपुरतं बोलत होतो. त्यांनी त्या मिल एरियाच्या वाक्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. मीही माझ्या वाक्यांबद्दल म्हटलं नाही.

शाळेत नाव घालायला मात्र काका स्वतःहून आमच्याबरोबर आले, टोपी घालून. टेबल तेच होतं, मागचा माणूस दुसरा. माझ्याजवळ लहानपणापासून घासून ठेवलेली वाक्यं होती. त्याने पत्ता विचारला, मी तोंड उघडणार, एवढ्यात काका म्हणाले, "माझाच. लिहा. मुलगी माझ्या घरात राहते." त्याने लिहिला. एकही वाक्य वापरायला मिळालं नाही, याचाही मला राग आलाच.

बाबा दाराशी उभे होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं. साच्यांच्या आवाजात मिलची माणसं हातांनीच बोलायची. मूठ आडवी, मागातल्या धोट्यासारखी इकडून तिकडे नेली की साचा सुरू आहे असा अर्थ. मी मूठ तशी हलवली. बाबांनी मान डोलावली आणि नातीला खूण करून दाखवली.

मेहुणा दर दिवाळीला मला त्या प्लॉटचा चालू भाव सांगतो. "पछतावा होतो ना, भिया?" मी म्हणतो, "भाव मला तुमच्याआधी कळतो, दादा. तिथल्या दारांना कड्या कोणी लावल्या?" यापलीकडे मी त्याला काही सांगत नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. आदल्या संध्याकाळी मागच्या दाराला पितळी बिजागऱ्या बसवल्या होत्या, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या. बाबा धुतलेलं धोतर नेसून कधीचे तयार होते. मुलीने त्यांचं बोट धरलं आणि दोघं बोळात उतरले. देवळाच्या अंगणापाशी बाबा थांबले, एका गायीला वाट दिली, आणि पुन्हा निघाले. मोटार नाही, हॉर्न नाही. वळणावर मुलीने मागे वळून मूठ आडवी हलवली.

काका खालच्या खिडकीत दाढी करत उभे होते. घड्याळाकडे बघून म्हणाले, "बराच वेळ आहे की अजून. लवकर निघाली."

"मिलवाल्यांची आहे," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.