नव्वद किलोच्या आत

जी व्यक्ती फार बोलत नाही, तिच्यासमोर लोक काहीही बोलतात. तिला ऐकूही येत नसेल असं त्यांना वाटत असावं! त्यामुळे किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही. मैत्रिणी म्हणतात, "तुझ्या काकांचं पॅरासेलिंग आहे, किती मजा!" मजा आहेच. त्यातली थोडी सांगते.

नानाकाका मालक. आधी ते केळीच्या काट्यावर वजनं करायचे. पप्पा त्यांचे धाकटे भाऊ, ते जीप चालवतात. जीपला लांब दोर, दोराला माणूस, माणसाच्या मागे रंगीत छत्री. जीप पळाली की माणूस वर! एरंडोलजवळ, कपाशी काढून झालेल्या एका मोठ्या रानात हे चालतं. सोनलताई माझी सख्खी बहीण. घरात याचं रीतसर ट्रेनिंग फक्त तिने घेतलंय, म्हणून परवानगीच्या कागदांवर 'सुरक्षा प्रमुख' तीच. म्हणजे कोणाला उडवायचं ते नानाकाका ठरवणार आणि कोणी पडलं तर जबाबदार ताई. मी बारावीला आहे. सुट्टीच्या दिवशी रानात बसून उडणाऱ्यांच्या नावा-वजनांची वही भरते आणि छत्री खाली येईपर्यंत श्वास धरते.

*

नियमांचा बोर्ड मी रंगवला होता. वजन नव्वद किलोच्या आत हवं, वारा जोरात असेल तर उड्डाण बंद, हेल्मेट सक्तीचं, असे दहा नियम. नानाकाकांनी तो रस्त्याकडे तोंड करून उभा केला, परवानगीच्या ऑफिसला पाठवायला फोटो काढला आणि लगेच फिरवून ठेवला.

"काका, आता कोणाला दिसणार?" ताईने विचारलं.

"दिसला तर वर कोण जाईल, बेटा?"

मागची बाजू कोरी होती. तिच्यावर त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं, "आकाशात आपले स्वागत आहे!"

*

वारा मोजायला ताईने एक छोटं मशीन मागवलं. पंधरा दिवसांत त्यातले सेल गाण्यांच्या स्पीकरच्या रिमोटमध्ये गेले.

"काका, मशीन बंद आहे. वारा कसा मोजू?"

"आज वाराच नाही, मोजायचं काय?"

"वारा नाही हे कशावरून?"

"मशीन काही दाखवतंय का?"

त्यांच्या डोक्यावरची टोपी तोवर दोनदा उडाली होती.

*

आता काट्याची गोष्ट. केळीचं वजन करताना व्यापारी दांड्याचं म्हणून काही किलो वजा करतो, त्याला कट्टी म्हणतात. नानाकाकांचं आयुष्य कट्टी कापण्यात गेलं. पॅरासेलिंगमध्येही त्यांचा हात थांबेना!

धुळ्याकडचे एक शेतकरी काट्यावर उभे राहिले. चौऱ्याण्णव.

"बूट एक किलो," नानाकाका म्हणाले. "मोबाईल, चाव्या अर्धा. जीनची पँट एक. जेवण झालंय ना? दीड."

चौऱ्याण्णवाचे नव्वद झाले. ताई म्हणाली, "काका, हे सगळं अंगावर घेऊनच ते वर जाणार आहेत!"

"तू गप. बठ्ठं बराबर शे." सगळं बरोबर आहे, म्हणजे विषय संपला.

ते शेतकरी मात्र पोट धरून हसत होते. "आयुष्यभर माझ्या मालाची कट्टी कापली भाऊ," ते म्हणाले, "पहिल्यांदा कोणी माझ्या फायद्याची कापली!"

मी वहीत काट्यावरचं वजन लिहायला घेतलं, तर नानाकाकांनी पेनावर बोट ठेवलं. "कट्टी जाऊन लिही."

मी तसं लिहिलं.

*

एकदा गावचे पुढारी आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. डोक्याला फेटा, फेट्यावर हेल्मेट बसेना आणि फेटा काढायला भाऊ तयार नाहीत.

"फोटोत फेटा पाहिजे."

शेवटी हेल्मेट हातात धरून भाऊ वर गेले आणि खाली उतरल्यावर भाषण केलं. "इथली सुरक्षेची व्यवस्था पाहून मी समाधानी आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेल्मेट वरून पडलं होतं, ते ताई शेजारच्या तुरीत शोधत होती.

*

तपासणीला साहेब आले, त्या दिवशी नानाकाकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोर किती जुना, पट्टे कधी बदलले, साहेब विचारत होते आणि नानाकाका सांगत होते. ताई दोनदा मध्ये बोलायला गेली. नानाकाका म्हणाले, "सोनल, साहेबांना चहा आण."

चहा आला. साहेब कप घेत म्हणाले, "पोरीसुद्धा मदत करतात, छान आहे." मग त्यांनी कागद पुढे केला. "सुरक्षा प्रमुखांची सही राहिलीय. कुठे आहेत ते?"

"ही काय, समोर उभी!" नानाकाका म्हणाले. "सोनल, ट्रे ठेव आणि सही कर."

*

मग तो रविवार आला. जळगावहून, पिंप्राळ्याचे एक मेडिकलवाले बायकोला घेऊन आले होते. मोठे हसरे गृहस्थ. काट्यावर अठ्ठ्याण्णव. कट्टी आठ किलो, एवढी मी कधी पाहिली नव्हती! वारा आडवा सुटला होता, बांधावरचं गवत जमिनीला टेकत होतं.

"काका, नको," ताई म्हणाली.

"शेवटचा आहे."

"काका, वजन पण जास्त आहे. नको."

"नव्वद लिहिलंय वहीत. विचार तुझ्या बहिणीला."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

ताई तिसऱ्यांदा नको म्हणाली, ती पप्पांना. पप्पांनी नानाकाकांकडे पाहिलं आणि जीप सुरू केली.

छत्री नीट वर गेलीच नाही. वाऱ्याने आडवी ओढली, पप्पांनी ब्रेक मारला आणि ते गृहस्थ थेट बांधावर आदळले. हाड मोडल्याचा आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला. सगळ्यात आधी ताई पळाली. तिच्या मागून पप्पा. नानाकाका गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पोरीने पट्टा ढिला बांधला वाटतं!"

*

दवाखान्यात आम्ही सगळे भेटायला गेलो. नानाकाकांनी केळीचा घड नेला होता. त्या गृहस्थांच्या पायात सळई घातली होती, हसू कुठेच नव्हतं.

"दादा, माफ करा," नानाकाका हात जोडून म्हणाले. "पोरीकडून पट्टा ढिला राहिला. लेकरू आहे."

ताई दाराशी उभी होती. ती काही बोलायच्या आत त्या गृहस्थांची बायको बोलली. "ढिला? अहो, पट्टा इतका घट्ट होता की इथे कात्रीने कापावा लागला! डॉक्टर म्हणाले, पट्ट्यामुळे मान वाचली."

नानाकाका मान हलवत म्हणाले, "तेच तर. जास्तच घट्ट बांधला."

*

नोटीस ताईच्या नावाने आली. दोन पानांची. नानाकाकांचं नाव मी दोन्ही पानांवर शोधलं, कुठेच नव्हतं. ताईला यापुढे असं काम करता येणार नव्हतं आणि नवीन सुरक्षा प्रमुख मिळेपर्यंत रान बंद. ताईने ट्रेनिंगचं सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवलं आणि धुळ्याला मावशीकडे निघून गेली.

परवा सकाळी नानाकाका घरी आले. हातात पेढ्यांचा बॉक्स, काखेत फाईल. ते सहसा माझ्याशी बोलत नाहीत, पण त्या दिवशी माझ्याशेजारीच बसले. अभ्यास कसा चाललाय विचारलं. उंचीची भीती वाटते का, विचारलं. ट्रेनिंग आता फक्त आठ दिवसांचं असतं, हेही सांगितलं. पप्पा समोर पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

"बेटा, तुला अठरा कधी पूर्ण होतात?"

काकांनी एवढी चौकशी केली म्हणून आईलाच आनंद झाला. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आखाजीच्या दोन दिवस आधी!" आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया.

"वा!" नानाकाका म्हणाले आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. "मग आखाजीलाच मुहूर्त करू."