शनिवारचा फ्रॉक

द्रौपदीचं काम पडद्यांचं. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर एक गाळा आहे, तिथे सहा शिलाई मशीन, त्यातलं खिडकीजवळचं तिचं. अंधेरीच्या ऑफिसांचे, हॉटेलांचे पडदे तिथून शिवून जातात. मोठ्या पडद्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या मण्यांची दोरी घालतात, बुटाच्या नाडीपेक्षा जरा जाड, वरून कापड मढवलेली. त्या वजनाने पडदा सरळ पडतो, पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्या दोरीवर आलं.

द्रौपदी मूळची अंबडकडची, जालना जिल्हा. नवरा अनिरुद्ध इथे कुरिअर कंपनीत होता. नोकरी गेली तसा तो गावी आईकडे परतला आणि हिलाही चल म्हणाला. ही गेली नाही. हाताला काम आहे, पोरगी जान्हवी पहिलीत जाणार, तिथे येऊन काय करू, हे तिचं म्हणणं. भांडण विहारात आलं. चार माणसं बसली, आमच्याकडच्या तंट्या-तक्रारींत मी असतेच, तशी तिथेही होते. बोली अशी झाली की पोरगी आईजवळ राहील, पण नीट राहिली तरच.

सासू रत्नप्रभाबाई बसलेल्या जागेवरून म्हणाल्या, "नीट म्हणजे काय, ते कोण ठरवणार?"

कुणीतरी म्हणालं, शाळेत दर महिन्याला वजन करतात, कार्ड देतात, ते बघा.

"मग त्या कार्डाचा फोटो मला पाठवायचा दर महिन्याला. वजन उतरलं की मी येऊन लेकरू घेऊन जाणार."

द्रौपदी हो म्हणाली. मीही मान डोलावली. तेव्हा मला ती अट सरळ वाटली होती.

शाळा आमच्या सेक्टरच्या टोकाला आहे, नाव लिहीत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वजन. जुलैत पहिल्यांदा झालं तेव्हा पोरांना व्हरांड्यात चड्डीवर उभं केलं, मुलींनाही. आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा, कार्डावर हिरवा, पिवळा नाहीतर लाल गोल चिकटवायचा, आणि लाल-पिवळ्यांची यादी वर्गाच्या दाराला. संध्याकाळी माझ्या दाराशी सात आया. एकीची पोरगी जाडी, तिने रात्रीचं जेवण टाकलेलं. एकीचा पोरगा काटकुळा, त्याला वर्गात 'अगरबत्ती' नाव पडलं. सगळ्यांत मागे द्रौपदी उभी होती. जान्हवीला पिवळा गोल मिळाला होता. सोळा किलो दोनशे.

मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं सरकारी कागद वाचून वाचून शिकले. डोकं तापायला मला वेळ लागत नाही. सोमवारी बारा आयांना घेऊन मुख्याध्यापिकेच्या दारात बसले.

"मॅडम, तुमचं वजन करू का असं व्हरांड्यात? आकडा मी ओरडते."

दोन तासांत दोन मागण्या मान्य. मुलांचे कपडे काढायचे नाहीत, फक्त बूट उतरवायचे आणि गणवेशाचे सरसकट तीनशे ग्रॅम वजा करायचे. दाराला यादी लावायची नाही. पेपरात आमचा फोटो आला, तो अजून माझ्या कपाटाला आतून चिकटवलेला आहे. रंगांच्या गोलांबद्दल मी बोलले नाही. ते कार्ड घरी जाणार, कुणाला दिसणार, असं वाटलं. त्याचा फोटो अंबडला जात होता हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि ती बोली झाली तेव्हा मी तिथे बसले होते.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी द्रौपदीने पोरीला गाळ्यावर नेलं. तिथे पार्सल तोलायचा काटा आहे. संध्याकाळी सगळे चहाला खाली गेले तेव्हा जान्हवीला त्यावर उभं केलं. पंधरा नऊशे. तीनशे ग्रॅम उतरलेलं. पोरगी तर खात होती, उलट जास्तच खात होती. द्रौपदीने दोरीचं रीळ काढलं, काट्यावर तोलत तोलत तुकडा कापला. जान्हवीच्या गणवेशाच्या दोन फ्रॉकांतल्या एकाची खालची दुमड उसवली, दोरी आत सारली आणि परत तुरपाई घातली. तिचा हात असा की टाका शोधून सापडायचा नाही.

शनिवारी कार्डावर सोळा दोनशे. पिवळा गोल. फोटो अंबडला गेला.

तो शनिवारचा फ्रॉक झाला. वर्गशिक्षिका श्वेताबाई, त्याच वजन करायच्या, इतर आयांना म्हणाल्या, "जान्हवीच्या मम्मीकडून शिका जरा. फ्रॉकच्या प्लेट्स बघा कशा सरळ पडतात."

जान्हवी मात्र दर वेळी कुरकुरायची. "मम्मी, शनिवारचा नको ना. तो खाली ओढतो मला."

"एकच दिवस गं. वजन झालं की काढू."

सप्टेंबरात खरं वजन पंधरा तीनशे. दोरी वाढली. ऑक्टोबरात चौदा आठशे, दोरीचे दोन फेरे झाले, दीड किलो शिसं. द्रौपदी मधल्या काळात गप्प बसली नव्हती. केळी, गुळाचे लाडू, दुधात दोन-दोन चमचे ग्लुकोज पावडर. जेवढं वजन उतरे तेवढं गोड वाढवायची. पोरगी सारखं पाणी मागायची, तिला वाटलं ऑक्टोबरची गरमी. अंथरूण ओलं करायला लागली, तिला वाटलं बापाची आठवण. दवाखान्यात का नेलं नाहीस, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. दवाखान्यात पहिल्यांदा काय करतात? वजन. आणि ते कागदावर येतं.

मला तिने काही सांगितलं नाही. बिल्डिंगखाली भेटली की म्हणायची, "जयभीम ताई. तुमच्यामुळे बरं झालं, कपडे काढत नाहीत आता." मी खूश व्हायचे.

ऑक्टोबरच्या वजनानंतर अकराव्या दिवशी, बुधवारी, जान्हवीने वर्गात उलटी केली आणि तशीच बाकावर आडवी झाली. श्वास खोल, भराभर. श्वेताबाईंनी तिला उचललं, रिक्षात घातलं आणि महापालिकेच्या हॉस्पिटलात आणलं, स्वतःची साडी उलटीने भरलेली. मी आणि द्रौपदी मागून पोचलो. साखर इतकी वाढलेली की मशीनवर आकडा येईना. लहान वयात होतो तो डायबेटिस. अजून एक दिवस गेला असता तर, असं म्हणून डॉक्टर थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नप्रभाबाई अंबडहून आल्या. पोरगी सलाइनवर होती, धोका टळला होता. डॉक्टर, तरुण पोरगाच, शाळेचं कार्ड हातात घेऊन बसला होता.

"चार महिने वजन तसंच्या तसं दिसतंय. आणि काल इथे तेरा नऊशे. एवढं अकरा दिवसांत उतरत नाही. शाळेचं मशीन बिघडलेलं असणार."

मला तेवढं पुरे होतं. मी तिथूनच मुख्याध्यापिकेला फोन लावला. "तुमचं मशीन बिघडलंय आणि त्यापायी पोरगी जाणार होती. वजन करणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव द्या मला, आजच्या आज तक्रार टाकते." श्वेताबाई बाकड्यावर बसल्या होत्या. घरी जाऊन साडी बदलून परत आल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

रत्नप्रभाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मऊ आवाजात म्हणाल्या, "द्रौपदे, मशीनचाच घोळ म्हण की. तू तरी काय करणार."

द्रौपदी सुटली होती. नुसतं गप्प राहायचं होतं.

ती उठली. "आलेच," म्हणाली आणि गेली. तासाभराने आली तेव्हा हातात पिशवी होती. तिने शनिवारचा फ्रॉक डॉक्टरच्या टेबलावर ठेवला, ब्लाउजला अडकवलेल्या छोट्या कटरने तुरपाई तोडली आणि दोरी ओढून काढली. ती निघतच राहिली. मग अस्तराच्या कापडाचा एक तुकडा पसरला. त्यावर शिवणाच्या निळ्या खडूने दर महिन्याची तारीख आणि खरं वजन.

"मशीन बरोबर आहे, डॉक्टरसाहेब. बाईंचं काही चुकलं नाही. हे घ्या. पाणी मागायला लागली ती सप्टेंबरपासून."

रत्नप्रभाबाईंनी दोरी उचलली, दोन्ही तळव्यांवर घेऊन तोलली.

"एवढं ओझं लटकवून धाडत होतीस लेकराला?"

"व्हय, आत्याबाई."

मी तिला जिन्यात ओढलं. राग मला कुणाचा आला होता ते आजही नीट सांगता येत नाही. "तुझं काय जात होतं गप्प बसायला? मी बघून घेतलं असतं ना शाळेला."

"तुम्ही बघून घेतलं असतं, ताई. श्वेताबाई घरी बसल्या असत्या. माझ्या पोरीला त्यांनी उचलून आणलंय."

"आणि मला का नाही सांगितलंस इतके दिवस?"

"तुम्ही किती खूश होता," ती म्हणाली.

कपडे न काढता वजन करा ही मागणी बरोबर होती, आजही बरोबर आहे, कुणीही समोर येऊन वाद घालावा. पण ते तीनशे ग्रॅम मी मंजूर करून आणले आणि त्यांच्या आडून दीड किलो शिसं गेलं, हेही मलाच लिहायला पाहिजे.

दहा दिवसांनी जान्हवीला घरी सोडलं. मी म्हटलं, कोर्टात जाऊ, आईचा हक्क असतो, मी वकील बघते. द्रौपदी म्हणाली, "नको, ताई. बोली झाली होती." तिने इन्सुलिनची सुई कशी टोचायची ते हॉस्पिटलातल्या सिस्टरकडून शिकून घेतलं होतं, ते सासूला बसून शिकवलं. आधी स्वतःच्या पोटावर रिकामी सुई लावून दाखवली, मग त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. आजीबरोबर अंबडला जाताना जान्हवीच्या पिशवीत एकच फ्रॉक भरला, रोजचा.

पोरीने विचारलं, "शनिवारचा नाही?"

"आता नाही लागत तो."

आता फोटो उलट्या दिशेने येतो. तालुक्याच्या दवाखान्यात दर महिन्याला वजन होतं आणि रत्नप्रभाबाई न चुकता पाठवतात. बाई शब्दाच्या पक्क्या आहेत. डिसेंबरात पंधरा सहाशे. जानेवारीत सोळा पाचशे. मार्चमध्ये सतरा नऊशे. पोरगी भरतेय, गालावर आलंय तिच्या. द्रौपदी मला फोटो दाखवते आणि म्हणते, "चांगलं आहे ना, ताई?" मी हो म्हणते. दुसरं काय म्हणणार.

मार्चमध्येच मी तिच्या गाळ्यावर गेले होते. वजनाचा आकडा बंद पाकिटात फक्त पालकांना द्यावा, रंगाचे गोल बंद करावेत, आणि वजन उतरलं तर आईला दोष देण्याआधी पोराला तपासावं, असा नवा अर्ज मी केला होता. त्यावर तिची सही पाहिजे होती. संध्याकाळची वेळ, बाकीचे चहाला खाली गेलेले. मी दारातच थांबले.

द्रौपदी पार्सलच्या काट्यापाशी होती. घडी घातलेले पडदे एकेक करून काट्यावर ठेवत होती. आकडा बघायची, एक काढून दुसरा ठेवायची. शेवटी एक लहान तुकडा ठेवला आणि थांबली. सतरा नऊशे. मग तिने त्या सगळ्याचं एका चादरीत गाठोडं बांधलं, कमरेवर घेतलं, सवयीने डाव्या बाजूला, आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मी अर्ज पिशवीत टाकला आणि जिना उतरले.