शस्त्र आणू नये

नवरा गेल्यावर नरखेडकडची संत्र्याची बाग मी एकटीच पाहू लागले. एका दुपारी विहिरीवरची मोटार चोरायला दोघे आले आणि त्यांनी मला पंपाच्या खोलीत कोंडलं. शेजारच्या बागेतल्या माणसानं कडी काढली तोवर ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. पुढे पुष्कळ चकरा मारून मी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. परवाना हातात देताना तिथले साहेब म्हणाले, "रिव्हॉल्व्हर कुठं ठेवून जायचं नाही बाई. गाडीत तर नाहीच." तेव्हापासून ते कुडत्याखाली कमरेला असायचं. मी कोणालाच सांगितलं नाही.

महिन्यातून एकदा आम्ही शाळेतल्या पाच मैत्रिणी शहरात, जरीपटक्यातल्या एका हॉटेलात जेवायचो. झाडं, पाणी, फवारणी सोडून दुसरं काही मी बोलायचे ती त्याच दिवशी.

एकदा गेले तर दाराशी तपासणीची चौकट उभी होती आणि बाजूला पाटी: परवाना असला तरी शस्त्र आणू नये. चौकट वाजली. तपासणाऱ्या बाईनं माझ्या कमरेला हात लावला आणि दोन पावलं मागे सरकली. काचेतून आमचं टेबल दिसत होतं. मी तशीच परत फिरले आणि पोट बिघडल्याचं फोनवर कळवलं.

आठ दिवसांनी सकाळीच हॉटेलच्या मालकांना भेटायला गेले. हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. परवाना त्यांच्यासमोर ठेवला.

"ताई, एका पार्टीत एकानं टेबलावर पिस्तूल ठेवलं. बाजूची फॅमिली अर्ध्या जेवणावरून उठून गेली," ते म्हणाले.

"मी कधी काढलं का? तीन वर्षं येऊन राहिली इथं. तुम्हाले कळलं तरी का?"

त्यांनी परवाना माझ्याकडे सरकवला. "तेच तर, ताई. तीन वर्षं कळलंच नाही."

परवाना उचलून निघाले. पण मी हट्ट सोडला नाही. पुन्हा गेले, आणखी एकदा गेले. परवाना काउंटरवर दाखवायचा, वहीत सही करायची, शस्त्र झाकलेलं राहील, दारू घेणाऱ्याला सूट नाही, असं सगळं कागदावर लिहून नेलं. पंपाच्या खोलीचंही सांगितलं. ते ऐकून त्यांनी कागद ठेवून घेतला. म्हणाले, "ठीक आहे, ताई. लिहिलं तसं करू."

त्या महिन्यात मी सगळ्यांच्या आधी पोचायचं ठरवलं होतं, पण काटोलजवळ रस्त्याचं काम निघालं. पोचले तेव्हा मैत्रिणी दाराशीच उभ्या होत्या. तपासणाऱ्या बाईनं मोठ्यानं विचारलं, "रिव्हॉल्व्हरवाल्या मॅडम तुम्हीच ना?"

"अवं, तुह्याजवळ हे कवापासून हाय?" एकीनं विचारलं.

"तीन वर्षं झाली."

"अन् सांगतलं नाही?"

जेवण नेहमीसारखंच झालं. फक्त एकीनं सोबत आणलेल्या नातीला माझ्या शेजारून उठवून पलीकडे बसवलं. पोरगी "काहून?" म्हणत राहिली. मी भाजी वाढून घेतली.

पुढच्या महिन्यात ग्रुपवर निरोप आला, आता एकेकीच्या घरी जमू. मग जिच्या घरी जमायचं होतं तिचा वेगळा फोन आला. "राग नको मानू वं बाई, पण घरी लहान पोरं हाय. ते नको आणजो."

"नाही आणत," मी म्हटलं.

त्या दिवशी रिव्हॉल्व्हर कपाटात कुलपात ठेवून निघाले. बागेचं फाटक मागे पडलं, कॅनॉलचा पूल आला. पुढे दोन्ही बाजूंनी नुसती झाडं होती, माणूस कुठं दिसेना. पुलावरच गाडी थांबवून बराच वेळ बसले. मग वळवली.

घरी येऊन फोन केला. "संत्र्याचा तोडा सुरू हाय, जमत नाही."

"बरं, पुढच्या बारीले ये," ती म्हणाली. मागून बाकीच्यांचा हसण्याचा आवाज येत होता. तिनं फोन ठेवेपर्यंत मी तो ऐकत राहिले.